जेटस्कीवरून मासेमारी: ऑकलंडच्या समुद्रातला पहिला दिवस

तारकर्लीला जेटस्की म्हणजे पाच मिनिटांची फेरी. लाइफजॅकेट चढवायचं, चालवणाऱ्याच्या मागे बसायचं, एकदा जोरात ओरडायचं आणि ओल्या कपड्यांनी परत यायचं. त्यामुळे न्यूझीलंडला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात रॅम्पवर, म्हणजे होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर, जे दिसलं ते मला आधी कळलंच नाही. एक पन्नाशीचे गृहस्थ जेटस्की ट्रेलरवर चढवत होते. मागे बर्फाची पेटी, पेटीला रोवलेले तीन रॉड, पुढे हँडलजवळ फिशफाइंडरचा, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा. पेटी उघडून दाखवली तर आत पाच स्नॅपर मासे, लालसर-गुलाबी, अंगावर निळे ठिपके चमकत होते.

इथं हा प्रकार चांगलाच रुजलाय. होडी ठेवायला अंगण लागतं, ओढायला दमदार गाडी लागते आणि बरोबर यायला एक तरी रिकामा मित्र लागतो. जेटस्की गॅरेजात मावते आणि एकट्याला पाण्यात सोडता येते. सी-डू कंपनीने २०१९ सालासाठी खास मासेमारीचं ‘फिश प्रो’ मॉडेल काढलं तेव्हा बरेच लोक हसले होते. आता रविवारी सकाळी कुठल्याही रॅम्पवर अशा दोन-चार तरी दिसतात.

खाली लिहिलंय ते ऑकलंडच्या पूर्वेकडच्या हौराकी आखातापुरतं. पश्चिमेकडच्या मनुकाऊ बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे आणि त्यावर लाटा फुटतात. नवख्याने तिकडे जायचा विचारही करू नये.

कुठली स्की

नवीच घ्यायला हवी असं नाही, पण तीन सीटची घ्या. माणसं तीन न्यायची म्हणून नव्हे. लांब आणि रुंद स्की थांबल्यावर कमी डुलते, आणि मासेमारीत तुम्ही बहुतेक वेळ थांबलेलेच असता. दोन सीटच्या हलक्या स्कीवर एका बाजूला वाकून मासा उचलायला गेलात तर माशाच्या जागी तुम्हीच पाण्यात जाल. फिश प्रोमध्ये पेट्रोलची टाकी ७० लिटरची आणि मागे ५१ लिटरची बर्फाची पेटी येते. साध्या स्कीवर हीच व्यवस्था बाजारात मिळणारी रॅक आणि पेटी लावून करता येते, मी तेच केलंय.

यंत्र कसं चालतं ते आधी समजून घ्या, कारण पुढची अर्धी काळजी त्यातूनच येते. जेटस्कीला बाहेर पंखा नसतो. तळातून पाणी आत खेचलं जातं आणि इम्पेलर, म्हणजे आतला पंखा, ते मागच्या तोंडातून जोराने फेकतो. वळवायचं कामही तीच धार करते. म्हणजे थ्रॉटल (वेग देणारा खटका) सोडला की धार थांबते, आणि धार थांबली की हँडल कितीही फिरवा, स्की सरळच जात राहते. नवशिक्या माणसाचा पहिला अपघात इथंच होतो: समोर होडी दिसते, घाबरून तो थ्रॉटल सोडतो आणि नेमका होडीवर जाऊन आदळतो. म्हणून मासेमारीचं सामान लादण्याआधी दोन दिवस सकाळी ती नुसती चालवून बघा. वळणं घ्या, थांबवून बघा आणि मुद्दाम पाण्यात पडून मागच्या बाजूने परत चढा. उलटलेली स्की कुठल्या दिशेने फिरवून सरळ करायची त्याचं चित्र मागच्या बाजूला चिकटवलेलं असतं. ते आजच वाचा, तोंडात खारं पाणी गेलेलं असताना वाचता येत नाही.

कायदा

ऑकलंडमध्ये जेटस्कीची नोंदणी कौन्सिलकडे करावी लागते आणि नंबर स्कीवर दिसायला हवा. चालवणारा किमान १५ वर्षांचा हवा. किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत आणि दुसरी होडी किंवा पोहणारा माणूस ५० मीटरच्या आत असेल तर ५ नॉटच्या वर जायचं नाही. हा वेग ताशी साधारण ९ किलोमीटर, सावकाश धावणाऱ्या माणसाएवढाच. चीड येते, पण जेटस्कीवाल्यांवर किनाऱ्यावरच्या लोकांचा आधीच राग असतो, त्यात भर नको.

छंद म्हणून समुद्रात मासे धरायला इथं परवाना लागत नाही. मर्यादा मात्र कडक आहेत. या भागात स्नॅपर माणशी दिवसाला ७ आणि प्रत्येक किमान ३० सेंटीमीटरचा. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायची, शेपटीच्या टोकापर्यंत नाही. किंगफिश ७५ सेंटीमीटर. नियम बदलत असतात, म्हणून सरकारचं ‘एनझेड फिशिंग रूल्स’ हे ॲप फोनवर घ्या आणि निघायच्या आदल्या रात्री उघडून बघा. मासेमारीला पूर्ण बंदी असलेले पट्टेही त्यात दिसतात. समुद्रतळाच्या केबलांचे पट्टे वेगळे, ते चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, असतात. तिथं गळही टाकायचा नाही आणि नांगरही.

नावांचा गोंधळ आधीच मिटवतो. इथला किंगफिश म्हणजे आपली सुरमई नव्हे, तो वेगळाच, पिवळ्या शेपटीचा दांडगा मासा. स्नॅपरही आपल्या तांबोशाचा सख्खा भाऊ नाही, तो ब्रीम कुळातला. इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत त्याला ‘तामुरे’ म्हणतात. आमिषाला वापरतात ते पिल्चर्ड मात्र आपल्या तारलीच्याच जातकुळीचे. पहिल्यांदा तारली विकत घेऊन तिचे तुकडे समुद्रात टाकताना माझा हात चालेना.

आदली संध्याकाळ

दिवस चांगला जाणार की वाईट हे बहुतेक आदल्या संध्याकाळीच ठरतं. होडीवर काही विसरलं तर शोधाशोध करता येते. स्कीवर उभं राहायलाही जागा नसते.

आधी वारा बघा. मेटसर्व्हिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, समुद्री अंदाज वाचा. पहिल्या काही वेळा १० नॉटच्या वर वारा असेल तर घरीच राहा. ईशान्येचा किंवा पूर्वेचा वारा दोन दिवस वाहत असेल तर आखातात लाटांचा फुगारा उरतो, वारा पडला तरी. नैर्ऋत्येचा वारा वेगळ्या पद्धतीने फसवतो. जाताना तो पाठीशी असतो, त्यामुळे समुद्र सपाट वाटतो आणि माणूस दूर जातो. परत फिरलं की तोच वारा आणि त्याच लाटा तोंडावर येतात. दुपारी उन्हाने किनाऱ्यावरचा वाराही वाढतो. माझा नियम साधा आहे: उजाडताना पाण्यात, अकराला परतीच्या वाटेवर.

मग भरती-ओहोटी. आपल्याकडच्या कोळ्याला हे सांगायला नको, पण आपण शहरात वाढलेले लोक. पाणी वाहत असतं तेव्हा मासे खातात, पाणी थांबलं की तेही थांबतात. भरती किंवा ओहोटी संपायच्या आधीचा तास आणि पाणी फिरल्यानंतरचा तास, हे दोन मला सर्वांत फळलेत. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त असते. वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून आलं की उभ्या, आखूड लाटा उठतात, आणि स्कीवर त्या कमरेला जाणवतात. नवख्याने उधाणापेक्षा भांगेचे दिवस निवडावेत.

पेट्रोलचा हिशेब तिहाईचा: एक भाग जायला, एक यायला आणि एक भाग हात न लावता ठेवायला. टाकी पूर्ण भरूनच निघा.

आता सामान. अंगावर लाइफजॅकेट, आणि ते फुगवायच्या नळीवालं नको, फोमचं हवं. हिवाळ्याच्या शेवटी पाणी १४ अंशांच्या आसपास असतं, म्हणून वेटसूट. संपर्काची दोन साधनं हवीत, दोन्ही पाण्यात चालणारी आणि दोन्ही *अंगावर*. स्कीच्या डिकीत ठेवलेला फोन तुम्ही पाण्यात पडल्यावर स्कीबरोबर वाहत जातो. माझ्या जॅकेटच्या एका खिशात हातातला व्हीएचएफ रेडिओ असतो आणि दुसऱ्यात उपग्रहाला संकट कळवणारा छोटा बीकन. मदतीसाठी चॅनल १६, फोन चालत असेल तर कोस्टगार्डचा स्टार ५००. निघण्याआधी कोस्टगार्डला ‘मी अमुक ठिकाणी चाललो, इतक्या वाजता परत’ असं कळवता येतं. परतल्यावर ‘पोचलो’ हे कळवायला मात्र विसरू नका, नाहीतर लोक तुम्हाला शोधायला निघतील आणि तुम्ही घरी झोपलेले असाल. घरच्यांनाही हीच वेळ सांगून ठेवा.

मासेमारीचं सामान जितकं कमी तितकं बरं. दोन रॉड पुरेत, सातेक फुटांचे, मध्यम रील, १५ पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली बारीक दोरी, आणि पुढे गळाजवळ २० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे पारदर्शक दोराचा तुकडा. ब्रेड आणि लीडरची गाठ घरी बसून, चहा घेत बांधा. डुलत्या स्कीवर ओल्या बोटांनी ती गाठ बांधायला मला एकदा पंचवीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात मासे निघून गेले होते. बाकी सॉफ्टबेटची, म्हणजे रबरासारख्या मऊ नकली आमिषाची, दोन पाकिटं, एक औंसाचे जिगहेड (वजन जोडलेले गळ), पक्कड, सुरी, छोट्या दांड्याचं जाळं, मोजपट्टी, जुना टॉवेल. पाणी आणि खाणं. सनस्क्रीन इथं चैन समजू नका, या देशातलं ऊन कातडी सोलतं.

आणि यातली प्रत्येक वस्तू दोरीने बांधा. पक्कड, सुरी, जाळं, चष्मा, रॉडसुद्धा. जे बांधलेलं नाही ते समुद्राचं. या वाक्याची किंमत मी एक रॉड आणि दोन पकडी देऊन मोजली आहे.

रॅम्पवर

पहिल्या दिवसासाठी मी गल्फ हार्बर सुचवीन, फांगापाराओआ द्वीपकल्पाच्या टोकाजवळ. तिथून थोड्याच वेळात मोकळं पाणी लागतं आणि टोकापासून चारेक किलोमीटरवर तिरितिरी मातांगी बेट आहे.

रॅम्पवर गाडी लावण्याआधीच बाजूला थांबून सगळी तयारी करा: पट्टे सोडणं, रॉड लावणं, जॅकेट घालणं. रॅम्प अडवून सामान लावणाऱ्याला इथले लोक काही बोलत नाहीत, नुसते बघतात, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. आता बुचं. स्कीच्या मागे तळाशी पाणी काढायची दोन बुचं असतात. ती घट्ट आहेत का ते *हाताने* फिरवून बघा. मी एकदा बघितलं नव्हतं. स्की जड वाटायला लागली तेव्हा आधी मला वाटलं समुद्रच आज जड आहे. सुदैवाने रॅम्प शंभर मीटरवर होता.

कमरेएवढं पाणी असल्याशिवाय इंजिन चालू करू नका, नाहीतर इम्पेलर वाळू, शंख आणि गवत आत ओढतो. किल-कॉर्ड, म्हणजे पडलात तर इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. ही अडकवली नसेल तर तुम्ही पाण्यात आणि स्की तिच्या वाटेने, पोहून तिला गाठणं विसरा.

मासे शोधणं

बाहेर पडलात की पहिली वीस मिनिटं गळ टाकू नका. हे कुणाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. स्कीचा वेग इथं कामाला येतो: होडीवाले एका जागी बसून वाट बघतात, तुम्ही चार जागा बघून एक निवडू शकता. फिशफाइंडरवर वीसेक मीटर पाणी शोधा आणि तळ कुठे बदलतो ते बघा. सपाट चिखलात मध्येच खडप, खडकाची कड, तळाजवळ छोट्या कमानीसारख्या खुणा, किंवा पाण्याच्या मध्यावर छोट्या माशांचा ढग. ढगाखाली मोठे असतात.

पण उत्तम फिशफाइंडर आकाशात असतो. वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरपासून पुढे, छोट्या माशांचे थवे वर येतात आणि गॅनेट पक्षी उंचावरून पंख मिटून बाणासारखे पाण्यात घुसतात. खाली डॉल्फिन थवा गोळा करत असतात, कहावाई मासे वरून खातात आणि स्नॅपर तळाशी पडणारे तुकडे वेचतात. इथले लोक याला ‘वर्कअप’ म्हणतात. गावच्या जत्रेत जेवणाची पंगत सुरू असावी आणि कुत्री मागच्या दाराशी बसावीत, तसे ते स्नॅपर. वर्कअप दिसला की त्याच्या मधोमध घुसू नका. मधोमध गेलात तर थवा खाली जातो आणि शेजारच्या पाच होड्यांच्या शिव्या मिळतात. डॉल्फिन किंवा देवमासा ३०० मीटरच्या आत असेल तर स्कीमागे लाट उठणार नाही इतकं हळू जाणं कायद्यानेच बंधनकारक आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन इंजिन बंद करा आणि पंगतीच्या कडेने वाहत जा.

गळ

पहिल्या दिवशी नांगर टाकूच नका. नांगर मागच्या बाजूने बांधला तर ओढ लागताच स्कीची मागची बाजू खाली दबते आणि पाणी चढतं. तो पुढूनच बांधायचा असतो, आणि ते जमायला सराव लागतो. शिवाय २०२१ मध्ये ग्रेट बॅरियर बेटाजवळ कॉलर्पा नावाचं परदेशी शेवाळ सापडलं, ते नांगराला चिकटून पसरतं. काही खाड्यांत त्यामुळे नांगराला बंदी आहे. वाहत जाणंच बरं. वारा जास्त असेल तर पाण्यातली छत्री, म्हणजे ड्रोग, पुढून सोडली की वाहणं मंदावतं.

आडवे बसा, दोन्ही पाय एकाच बाजूच्या पायठेवणीत, वजन स्कीच्या मध्यावर. ज्या दिशेने वाहताय त्या दिशेला सॉफ्टबेट फेका, म्हणजे ते तळाला पोचेपर्यंत तुम्ही त्याच्या वर आलेले असता. रील उघडं ठेवून ते बुडू द्या. दोर जास्त वेगाने सुटायला लागला किंवा अचानक थांबला तर समजा कुणीतरी तोंडात घेतलंय. बहुतेक स्नॅपर आमिष खाली पडतानाच घेतात. तळ लागला की रॉड हळूच वर, मग खाली पडू द्या, पुन्हा वर. घाई नको. रोज ऑफिसात धावणाऱ्या माणसाला हे सर्वांत अवघड जातं. आमिष जितकं आळशी वाटेल तितकं त्याला पसंत.

लागला की स्नॅपरची डोकं हलवायची ओढ लगेच ओळखू येते, दोन-तीन जड धक्के. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घरूनच लावून आणा, दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर. मोठा मासा निघाला तर त्याला पळू द्या. ब्रेड हाताला गुंडाळून ओढायचा मोह टाळा, ती बोट कापते. मासा जवळ आला की रॉड उंच, जाळं पाण्यात आधीच बुडवलेलं, आणि माशाला जाळ्यावर आणा, जाळं माशामागे पळवू नका. वाकायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही. दुसरा हात हँडलवर.

स्नॅपरच्या पाठीवरचे काटे उभे असतात, म्हणून ओला टॉवेल टाकून धरा. मोजा. २९ सेंटीमीटर असेल तर तो ३० चा होत नाही, कितीही शेपूट ताणली तरी. ओल्या हाताने, कल्ल्यांना न लागता, सोडून द्या. ठेवायचा असेल तर लगेच मारा. जपानी ‘इकी जिमे’ पद्धत म्हणजे डोळ्याच्या मागे जरा वर अणकुचीदार टोक टोचून मेंदू बंद करायचा. क्रूर वाटतं, पण पेटीत अर्धा तास तडफडत मरण्यापेक्षा हे बरं, आणि मांसही घट्ट राहतं. मग कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि मासा बर्फात घाला. बर्फावर थोडं समुद्राचं पाणी ओता, नुसत्या बर्फापेक्षा त्या बर्फाळ पाण्यात मासा लवकर गार होतो.

सात मासे झाले की थांबा. खरं तर चार झाले की थांबा, घरी दोनच माणसं खाणारी असतात.

परत

अकरा वाजलेत. रॉड आडवे बांधा, गळ अडकवा, पेटीचं झाकण दोनदा तपासा. तोंडावर लाटा असतील तर हळू, अर्धवट उभं राहून, गुडघे सैल. स्की बंद पडली तर तिच्यापाशीच राहा, पोहत किनारा गाठायला जाऊ नका. पाण्यात माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, स्की दुरून दिसते. कुणी ओढून न्यायला आलं तर अगदी सावकाश न्यायला सांगा. जोरात ओढलं तर पाणी इंजिनात शिरतं.

घरी आल्यावर मासे आधी की स्की आधी, यावर आमच्याकडे भांडण असतं. स्की आधी. मीठ वाट बघत नाही. इंजिन गोड्या पाण्याने धुताना क्रम उलटा करू नका: आधी इंजिन चालू, मग पाण्याचा नळ, बंद करताना आधी नळ, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमधून आत चढू शकतं आणि एका चुकीचं बिल स्कीच्या किमतीकडे झुकतं. ट्रेलरची चाकं, ब्रेक, रील, पक्कड, सगळं धुवा. बुचं काढून ठेवा आणि गाडीच्या चावीला अडकवा, म्हणजे पुढच्या वेळी ती लावल्याशिवाय निघता येणार नाही.

मग मासे. स्नॅपरचे खवले मोठे आणि कडक असतात, ते अंगणातच काढा. स्वयंपाकघरात एकदा काढले होते, दिवाळीच्या साफसफाईत पंख्यावर सापडले. तुकड्यांना हळद, तिखट, आगळ, अर्धा तास, मग तांदळाचं पीठ आणि रवा. डोकी आणि काटे टाकू नका, इथली माओरी आणि पॅसिफिक बेटांवरची मंडळी त्यांना मानाचा भाग समजतात. आमच्या शेजारच्या सामोअन काकू कुंपणावरून भांडं पुढे करतात तेव्हा मी अर्धी देतो, कारण उरलेल्या अर्ध्यांची तिरफळ घातलेली आमटी मलाही हवी असते.